वास मरेपर्यंत

ज्या घरात कॉफी पिकत होती, त्या घरात चांगली कॉफी कधी कुणी प्यायलं नव्हतं. आणि यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर पिकतं तिथे पीतही नव्हते.

रीत अशी होती. लाल फळं तोडून आणली की आधी पाण्याच्या टाकीत ओतायची. भरीव फळं तळाशी बसायची. किडीने पोखरलेली, पोकळ, अर्धवट भरलेली वर तरंगायची. तळाची फळं सोलायच्या यंत्रात जायची, त्यांच्या चिकट बिया रात्रभर आंबायच्या, सकाळी धुऊन जाळीच्या बाजांवर वाळायच्या आणि शेवटी पोत्यात जाऊन बसायच्या. वर तरंगणारी फळं मात्र चाळणीने काढून अंगणाच्या कोपऱ्यात टाकून दिल्यासारखी वाळत पडायची. घरात त्यांना तरंगे म्हणत. हे तरंगे घरच्यांसाठी. आला-गेला असला तर त्यालाही तेच. जे विकलं जात नाही ते जिथे जातं, ते घर.

तरंगे भाजायचं काम आत्याकडे होतं. तिला सगळे आत्याच म्हणत. तिच्या भावाची मुलं लहान होती तेव्हा हे नाव पडलं, मुलं मोठी होऊन शहरात गेली आणि नाव इथेच राहिलं. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणायची, आणि ज्या सुरात म्हणायची तो सूर ऐकून पुन्हा कुणी विचारत नसे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण तिच्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी, असं तिच्या वहिनीचं मत होतं. ते वहिनीने तिच्या तोंडावरही सांगितलेलं होतं.

टेकडीचे दोन उतार होते. कागदावर दोन्ही बहीणभावाच्या नावावर, पण त्यांचे बाबा तोंडाने सांगून गेले होते, खालचा भावाने, म्हणजे दादाने बघायचा, वरचा हिने. बाबा होते तोवर दोन्हीकडे कीडनाशकाचा फवारा चालायचा. ते फवारून आले की हातांना फोड यायचे, आणि ते फोड घेऊन ते जेवायला बसायचे. एकदा त्यांच्या बोटांतून चमचा गळून पडला. बाबांनी दुसऱ्या हाताने चमचा उचलला आणि जेवण पुढे चालू झालं. आत्याच्या डोळ्यांपुढून तो चमचा काही हलला नाही. बाबा गेले त्या हंगामापासून तिने वरच्या उतारावरचा फवारा बंद केला, तो बंदच.

मग काय करायची? झाडांखालचा पालापाचोळा झाडांखालीच ठेवायची. सोललेल्या फळांची सालं कुजवून त्यांचंच खत घालायची. मोठी सावलीची झाडं तिने तोडू दिली नाहीत, कारण त्यांच्यावर बसणारे पक्षी तिच्या मते बिनपगारी गडी होते. आणि तोडणी संपली की ती पुन्हा सगळ्या उतारावर फिरायची. झाडावर चुकून राहिलेलं, खाली गळून पडलेलं, एकूण एक फळ वेचायची. फळ पोखरणारा तो बारीक काळा किडा पुढच्या हंगामापर्यंत अशा राहिलेल्या फळांतच दडून बसतो. राहायला जागाच ठेवली नाही तर जाईल कुठे? "आत्या किड्यांना बेघर करते," असं गावात हसून म्हणत. आत्या म्हणे, "हसा. तुमच्या दाताला कीड लागली की मी हसेन."

दादा वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तो फवारणीवाल्याला घेऊन अंगणात उभा राहणार आहे. त्याच्या खालच्या उतारावर फळ जास्त धरायचं, पोती जास्त भरायची, आणि दर वर्षी अंगणात दोघांच्या पोत्यांच्या थप्प्या शेजारी शेजारी लागल्या की त्याची थप्पी उंच दिसायची. तो त्याबद्दल बोलायचा नाही. फक्त स्वतःच्या थप्पीला टेकून उभा राहायचा, आणि आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्या वर्षी व्यापारी स्वतः आला. पूर्वी माणूस पाठवायचा. गावात त्याला गोडबोल्या म्हणत. तोंडात साखर आणि डोक्यावर बर्फ, रागवायचा म्हणून नाहीच. अंगणातल्या खुर्चीवर बसून त्याने दादाला समजावलं, की पुढच्या हंगामापासून दोन्ही उतारांचा सगळा माल तो एकहाती घेईल, मोजायला-निवडायला थांबणार नाही, सरसकट घेईल. फक्त वरचाही उतार फवाऱ्याखाली यायला हवा आणि सावलीची अर्धी झाडं निघायला हवीत.

"एकाच टेकडीचा माल दोन तऱ्हेचा नको, दादासाहेब. सगळं द्या, नाहीतर काहीच नको. मला काय, मी कुठूनही घेईन. तुमच्यासाठीच म्हणतो."

आत्या बाजांवरची कॉफी हाताने हलवत होती. तिथूनच म्हणाली, "आमच्यासाठी म्हणणारी माणसं फार झाली. कुणीतरी स्वतःसाठी म्हणा की कधी."

"ताई, तुमच्या हट्टाबद्दल मला आदरच आहे," व्यापारी म्हणाला. "पण खरं सांगू? वाळून, भाजून, दळून झाल्यावर कॉफी ती कॉफीच. फवारलेली काय न् न फवारलेली काय, कपात काही फरक पडत नाही."

"पडतो," आत्या म्हणाली.

"तू कधी प्यायलीस?" दादाने विचारलं.

प्रश्न त्याने काही कुरापत म्हणून विचारला नव्हता. त्याला खरंच कुतूहल वाटलं. आत्याचा हात बाजेवर थांबला. वरच्या उताराची कॉफी तिने खत घालून, वेचून, धुऊन, रात्री दव पडू नये म्हणून झाकून इतकी वर्षं वाढवली होती, पण तोंडात एक घोट घेतला नव्हता. ती तर पोत्यात जायची. ती पितं का कुणी?

"प्यायला कशाला हवी," ती म्हणाली, "हाताला कळतं."

"हाताला कळतं!" दादा हसला, आणि मग त्याला एक कल्पना सुचली. बहिणीला हलवायचा एकच मार्ग त्याला लहानपणापासून ठाऊक होता, तिच्या अभिमानाला हात घालायचा. "मग पिऊनच बघू. दोन्ही उतारांची भाज, दोन्ही कर. फरक असला तर मी पुन्हा फवाऱ्याचं नाव काढणार नाही. नसला तर उद्या सकाळी पंप वर चढेल. दे शब्द."

एकदा फवारलं की ती जमीन स्वच्छ धरायला पुढे तीन वर्षं थांबावं लागतं. आत्याने इतक्या हंगामांत जे जमवलं होतं ते एका सकाळीत मातीत जाणार होतं. शहाणं माणूस म्हणालं असतं, विचार करून सांगते. आत्या म्हणाली, "दिला."

वहिनी दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला.

दुपारीच भाजणी झाली. आत्याने दोन्ही थप्प्यांतून ओंजळ-ओंजळ बिया काढल्या, चुलीवर लोखंडी कढई ठेवली आणि आधी खालच्या, मग वरच्या उताराच्या भाजल्या. कशा भाजायच्या हे काही तिला कुणाला विचारायला नको होतं. आईने शिकवलं होतं, आणि आईची शिकवण एका ओळीची होती: वास मरेपर्यंत भाजायचं. बिया काळ्या होऊ दे, तेल सुटू दे, धूर होऊ दे. वास मेला की उतरव.

वरच्या उताराच्या बिया भाजताना मध्येच कुठूनतरी छान वास आला. संत्रं सोलताना येतो तसा, त्यात मध ऊन केल्यासारखं काहीतरी. आत्याने खिडकीतून बाहेर बघितलं. "शेजारी कुणी संत्री सोलतंय का गं वहिनी?" वहिनीने बघून सांगितलं, कुणीच नाही. आत्या पुन्हा कढईकडे वळली आणि बिया कोळशासारख्या काळ्या होईपर्यंत हलवत राहिली. स्वयंपाकघरात धूर भरला. बाहेर गोडबोल्या म्हणाला, "वा! खरपूस भाजताय वाटतं."

कप वहिनीने भरले, पाठ करून, कुणाला दिसणार नाही असे. दूध-साखर घालून, नेहमीसारखी. टवका उडालेल्या कपांत कुठली आणि धड कपांत कुठली हे फक्त तिलाच ठाऊक. दादाने दोन्ही प्यायले. व्यापाऱ्याने दोन्ही प्यायले. आत्याने आधी एक घोट या कपातला घेतला, मग त्या कपातला, मग पुन्हा या कपातला, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"काय?" दादाने विचारलं.

आत्याला खोटं बोलता आलं असतं. "ही वरची" म्हणून एक कप उचलायचा. खरं ठरायची निम्मी शक्यता तर होतीच. पण तिने तसं केलं नाही. "एकच लागतेय," ती म्हणाली.

"मी म्हटलंच," व्यापारी म्हणाला. दादा थप्पीला टेकला नाही. त्याला जिंकल्याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नव्हता. वहिनीने दोन्ही कपांतला उरलेला घोट स्वतः चाखला आणि म्हणाली, "नेहमीसारखीच आहे की. आपण रोज पितो तशी."

संध्याकाळ झाली. फवारणीवाल्याला निरोप गेला होता, तो उजाडताच पंप घेऊन येणार होता. सावलीच्या झाडांसाठी करवत नंतर. आत्या आधी वरच्या उतारावर जाऊन आली, मग तिथे राहवेना म्हणून घरात आली, आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून तरंगे भाजायला बसली. घरातला डबा रिकामा होत आलाच होता.

रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. दादावर काढावा तर त्याने फसवलं नव्हतं. गोडबोल्यावर काढावा तर त्याने कप भरले नव्हते. कढईत तरंगे तडतडायला लागले आणि नेहमीचा तो घाण वास उठला, दमट पोत्याचा, बुरशीचा, किड्याने आतून खाल्लेल्या बीचा. आत्याने सवयीने नाक आक्रसलं आणि सवयीनेच हलवत राहिली. जरा धीर धरायचा. काळ्या झाल्या की हा वास मरतो.

आणि तिचा हात थांबला.

आई कुठला वास मारायला सांगत होती? हा. हा घाण वास. आईने जन्मभर तरंगेच भाजले होते. तिने दुसरं काही भाजलंच नव्हतं, तिला दुसरं काही शिकवता येणार कसं? सडक्याचा वास जाळून टाकायची युक्ती होती ती. आणि आपण? दुपारी तो संत्र्याच्या सालीचा वास शेजाऱ्यांकडून येत नव्हता. तो कढईतून येत होता. तो वरच्या उताराचा वास होता, पक्ष्यांनी राखलेल्या, सावलीत हळूहळू पिकलेल्या फळाचा. आणि आपण खिडकीतून बाहेर बघितलं, आणि परत वळून तो मरेपर्यंत भाजला!

"नेहमीसारखीच आहे," वहिनी म्हणाली होती. असणारच. चांगल्याला आणि सडक्याला एकाच आगीत काळं केल्यावर दोन्ही काळंच होणार.

आत्या उठली. कढईतले अर्धे भाजलेले तरंगे तिने तसेच सोडून दिले, ते जळून कोळसा झाले आणि वहिनी खोकत धावत आली.

"वन्सं! घर जाळताय का?"

"गाढव आहे मी," आत्या म्हणाली. तिचे डोळे धुरानेच लाल झाले होते की कशाने कोण जाणे. "वहिनी, आपण सगळेच गाढव आहोत. पिढ्यान्‌पिढ्यांचे."

"ते आहे," वहिनी म्हणाली, "पण कढई उतरवा आधी."

उजाडलं तेव्हा अंगणात तीन माणसं आली होती. फवारणीवाला पाठीवर पंप अडकवून, दादा त्याच्या शेजारी, आणि गोडबोल्या, कारण त्याला सौदा पुरा झालेला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. वरच्या उताराकडे जाणारी पायवाट अंगणातूनच, गोठ्याशेजारून निघत होती. त्या पायवाटेच्या तोंडाशी आत्याने तीन दगडांची चूल मांडली होती. चूल पेटलेली, वर रिकामी कढई, आणि चुलीमागे आत्या, पाय पसरून, जणू काही तिथे तिने घरच बांधलं होतं.

"उठ," दादा म्हणाला. "शब्द दिलास तू."

"दिला होता. मोडते आहे."

दादा बघतच राहिला. या घरात असं वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. माणसं शब्द मोडत, पण काहीतरी निमित्त सांगून, पोट दुखतंय म्हणून, पाहुणे आलेत म्हणून. असं सकाळी उजेडात, चार माणसांसमोर, सरळ?

"मोडतेस?"

"काल परीक्षा चुकली. मी चुकवली. चांगल्या बिया मी तरंग्यांसारख्या भाजल्या. आई शिकवायची तशा, वास मरेपर्यंत. काल तुम्ही कॉफी प्यायलाच नाहीत, कोळसा प्यायलात. कोळशाला कसला आलाय उतार?"

"ताई," गोडबोल्या मधाळ आवाजात म्हणाला, "आता हरल्यावर असं म्हणणं बरं दिसतं का?"

"दिसायला मी बरी कधी होते?" आत्या म्हणाली. "तुम्ही बसा. पाहुणे आहात. आणि तू," ती फवारणीवाल्याला म्हणाली, "तो पंप खाली ठेव, पाठ दुखेल. इथून वर जायचं तर या कढईवरून जावं लागेल, आणि कढई तापलीय."

फवारणीवाल्याने दादाकडे बघितलं, मग कढईकडे, आणि पंप खाली ठेवला. त्याला रोजाशी मतलब, भाऊबहिणीच्या भांडणात त्याला शेकून घ्यायचं नव्हतं.

दादाचा राग चढत होता. "आणि पुन्हा हरलीस तर? पुन्हा मोडशील?"

"पुन्हा हरले तर मी उठून बाजूला होईन. शब्द."

"तुझ्या शब्दाला आता काय किंमत?"

हे लागलं. आत्याने चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "बरोबर आहे. काही नाही. तरी भाजू दे."

ती का थांबली नाही, आणि दादाने तिला हाताला धरून का उठवलं नाही, हे त्या दोघांनाच ठाऊक. एकाच ताटात जेवून मोठी झालेली माणसं होती.

आत्याने बिया टाकल्या. आधी खालच्या उताराच्या. हिरवट बिया पिवळ्या झाल्या, वाळल्या गवताचा वास आला. मग पिवळ्याच्या तपकिरी, भाकरी भाजल्यासारखा वास. मग एक एक करून तडकायला लागल्या. तडकणं थांबत आलं तशी आत्याने कढई ओढून बिया सुपात काढल्या आणि वारा घातला. जन्मात तिने एवढ्या लवकर कढई उतरवली नव्हती. सगळं अंग सांगत होतं, अजून कच्ची आहे, अजून वास आहे, परत टाक. तिने परत टाकली नाही.

मग वरच्या उताराच्या. पिवळ्या, तपकिरी, तड, तड. आणि तो वास आला. या वेळी बाहेर अंगणातच होते सगळे, खिडकी नव्हतीच कुठे बघायला. फवारणीवाला म्हणाला, "संत्रं कुणी सोललं?" आत्याने त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने जन्मभराचं देणं फेडलंय.

वहिनीने कॉफी दळली, उकळून गाळली, पाठ करून सगळ्यांचे कप भरले. दादाने हात पुढे केला. "साखर?"

"नाही," आत्या म्हणाली. "दूधही नाही. नागडी प्या."

दादाने पहिला कप चाखला. ओल्या गवतासारखी, सपाट. वाईटही नाही, चांगलीही नाही, तोंडातून गेली की गेली. दुसरा कप उचलला, एक घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"आंबट आहे ही!"

"असेल."

"ही कॉफीच नाही. सरबत आहे कसलंतरी. असली कॉफी कुणी पितं का?"

"नसेल पीत. आवडते का असं ठरलं नव्हतं, दादा. फरक आहे का, एवढंच ठरलं होतं. आहे की नाही?"

चुलीतलं लाकूड तेवढं फुटत होतं. दादाने पुन्हा पहिल्या कपातला घोट घेतला, पुन्हा दुसऱ्यातला. त्याला "नाही" म्हणायचं होतं. ते त्याच्या ओठांवर आलेलं आत्याला दिसलं. पण काल तिलाही खोटं बोलता आलं असतं आणि ती बोलली नव्हती, हे त्यानेही बघितलेलं होतं.

"आहे," तो म्हणाला.

"कुठली कुठली?"

"आंबट ती तुझी. तुझ्यासारखीच आहे. दुसरी कुणाची असणार?"

वहिनी वळली. टवक्याच्या कपात वरच्या उताराची होती, खरंच. मग कुणी विचारलं नसताना तिने तोच कप दादाच्या हातातून काढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायली. या घरात आल्यापासून तिने सकाळ-संध्याकाळ तरंगे प्यायले होते, आणि त्यावर पाव चमचाभर साखर जास्त घातली तर सासू बघायची. "मला ही हवी," ती म्हणाली. "उद्यापासून मला हीच हवी. कुणाला नको असेल त्याने आपली आपण करून घ्यावी."

गोडबोल्याने आपला टवक्याचा कप बाजेवर ठेवला. "दादासाहेब, घरच्या आवडीनिवडी घरात. बाजाराला आंबट नको असतं. माझं म्हणणं तेच आहे, सगळं नाहीतर काहीच नाही, ही यंदाची पोतीसुद्धा नाहीत."

आता सगळे दादाकडे बघत होते. अंगणात पोत्यांच्या दोन थप्प्या उभ्या होत्या, उंच आणि ठेंगणी, आणि दोन्ही उचलून नेणारा माणूस उठून उभा राहिला होता. हे काही कपातलं वादळ नव्हतं. उंच थप्पीही इथेच पडून राहणार होती.

"अजून एक ऐकून ठेव," आत्या दादाला म्हणाली. तिला गप्प बसता आलं असतं तर ती आत्या कसली. "फरक नसता तरी मी उठले नसते. मघाशी दिला तो शब्दही मोडला असता. सांगून ठेवते, उगाच लपवाछपवी नको."

"ठाऊक आहे मला," दादा म्हणाला. "तू उठली असतीस तर मलाच दचकायला झालं असतं." आणि व्यापाऱ्याकडे न बघता म्हणाला, "मग काहीच नाही, साहेब."

गोडबोल्या पहिल्यांदाच काही न बोलता गेला. फवारणीवाल्याने पंप उचलला, रोज बुडाला म्हणून जरा रेंगाळला, वहिनीने त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं आणि तोही गेला. वहिनी कप गोळा करायला लागली. व्यापाऱ्याचा कप तिने उलटा करून दाखवला. आत थेंब नव्हता.

"बाजाराला आंबट नको असतं म्हणे," ती म्हणाली.

दादा चुलीजवळ दगडावर बसला. उंच थप्पीला टेकायला गेला नाही. "आता हे सगळं कुठे विकायचं ते तू बघ. तुझंही आणि माझंही."

"बघते."

"बघते म्हणे! कुणाला विकणार?"

"जो आधी पिऊन बघेल त्याला. न पिता घेणाऱ्याला एक दाणा देणार नाही. आणि त्याच्याही आधी," आत्याने ठेंगण्या थप्पीतलं वरचं पोतं दाखवलं, "ते स्वयंपाकघरात जाईल. पहिलं पोतं घराचं, उरलं तर बाजाराचं. तरंगे खतात."

दादा उठला, त्याने ते पोतं खांद्यावर घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि हात झटकत परत आला. येताना त्याचा चेहरा बदलला होता. आत तरंग्यांचा तो जुना डबा होता, त्याच्या झाकणावर बाबांच्या बोटांनी घासून पडलेली खूण अजून तशीच होती.

"बाबा ही कधी प्यायलेच नाहीत ना गं?" त्याने विचारलं.

"एक घोटही नाही."

"आईसुद्धा?"

"तिने तर वासही घेतला नाही कधी. मारतच राहिली."

दादाने मान खाली घातली. चुलीवर उरलेली कॉफी अजून वाफाळत होती. थोड्या वेळाने त्याने टवक्याचा रिकामा कप उचलला आणि बहिणीपुढे धरला.

"आंबटच आहे," तो म्हणाला. "पण ओत."